अ‍ॅपमधला डेटा 'करप्ट' होतो म्हणजे नक्की काय होतं?

मागच्या वर्षी दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मामाचा फोन आला. मामाचं बार्शीला किराणा दुकान आहे. इकडचं-तिकडचं काही न बोलता त्याने थेट सांगितलं, "अगं, खातं कोरं झालं."

खातं म्हणजे उधारीचं अ‍ॅप. तीन वर्षांपूर्वी ते मीच त्याच्या फोनमध्ये टाकून दिलं होतं आणि "आता वही बंद कर" असंही मीच म्हणाले होते, त्यामुळे पोटात गोळा आला तो माझ्याच. झालं होतं असं, की जुन्या फोनची बॅटरी फुगली म्हणून त्याने नवा फोन घेतला. जुना एक्सचेंजमध्ये देऊन टाकला. पण देण्याआधी अ‍ॅपमधलं 'बॅकअप घ्या' हे बटण दाबून फाइल मेमरी कार्डवर घेतली होती. म्हणजे त्याने सगळं शहाण्यासारखं केलं होतं. नव्या फोनवर 'रिस्टोअर' केलं, गिऱ्हाइकांची यादी दिसली, जीव भांड्यात पडला. रोजच्या एका गिऱ्हाइकाच्या नावावर बोट ठेवलं आणि अ‍ॅप बंद पडलं. पुन्हा उघडलं तर आत काहीच नाही. ना नावं, ना आकडे. पावणेदोन लाखांची उधारी होती आणि वसुलीचे खरे दिवस तेच.

त्या फाइलचं पुढे काय झालं ते सांगतेच. पण त्याआधी अ‍ॅपच्या आत डेटा कसा बसतो, तो बिघडतो कसा आणि यादी एकदा दिसून नंतर गायब कशी होते, हे समजून घेऊ. कारण 'डेटा करप्ट झाला' असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात खूपदा बिघाड छोटा असतो. मोठं नुकसान होतं ते बिघाडानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत.

तुमच्या फोनमध्ये किती डेटाबेस आहेत?

डेटाबेस म्हटलं की मोठ्या कंपनीचा सर्व्हर डोळ्यांसमोर येतो. पण तुमच्या हातातल्या फोनमध्ये शेकडो डेटाबेस आहेत. कॉन्टॅक्ट्स एकात, एसएमएस दुसऱ्यात, ब्राउझरची हिस्टरी तिसऱ्यात, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आणखी एकात. आणि यातले बहुतेक सगळे एकाच सॉफ्टवेअरने बनवलेले असतात: एसक्यूलाइट.

अमेरिकेतले प्रोग्रॅमर डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली ते लिहिलं. अमेरिकन नौदलाच्या युद्धनौकेसाठीच्या एका सॉफ्टवेअरवर काम करताना, वेगळा सर्व्हर चालवायची भानगड नसलेला डेटाबेस हवा, असं त्यांना वाटलं. त्यातून हे निघालं. ते फुकट आहे, इतकं फुकट की त्यावर कॉपीराइटसुद्धा ठेवलेला नाही. अँड्रॉइड असो की आयफोन, प्रत्येकात ते असतंच.

एसक्यूलाइटचा अख्खा डेटाबेस म्हणजे एक साधी फाइल. फोटोची असते तशीच. फरक इतकाच की या फाइलचे आत समान आकाराचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना पेज म्हणतात. आपण पानं म्हणू. २०१६ पासून एका पानाचा नेहमीचा आकार ४०९६ बाइट्स आहे. काही पानांवर खरी माहिती असते, काही पानांवर फक्त 'अमुक नोंदीसाठी तमुक नंबरच्या पानावर जा' असे पत्ते असतात. पत्त्यांच्या पानापासून सुरुवात करून फांद्याफांद्यांनी खाली माहितीच्या पानापर्यंत पोहोचायचं. या रचनेला बी-ट्री म्हणतात.

त्याशिवाय इंडेक्स असतो. जुन्या खतावणीत पुढच्या पानांवर नावांची यादी आणि समोर पान क्रमांक लिहिलेला असायचा, तेच. माहिती एका ठिकाणी, ती झटकन सापडावी म्हणून यादी दुसऱ्या ठिकाणी. ही गोष्ट लक्षात ठेवा, मामाच्या फाइलमध्ये सगळी गंमत इथेच होती.

बॅटरी संपली म्हणून सहसा काही बिघडत नाही

मामाचा पहिला प्रश्न होता, "नोंद करताना मधेच फोन बंद पडायचा, त्यानं झालं का?" हा प्रश्न जवळपास सगळेच विचारतात. उत्तर आहे: नाही, बहुतेक वेळा नाही. याची सोय वीस वर्षांपूर्वीच केलेली आहे.

दुकानात पूर्वी दोन वह्या असत. दिवसभरातल्या नोंदी एकाखाली एक लिहायची ती रोजकीर्द, आणि मग त्यातून प्रत्येकाच्या खात्यावर उतरवायची ती खतावणी. खतावणीत लिहिता लिहिता कोणी हाक मारली आणि अर्धवट राहिलं, तरी कीर्दीत बघून पुन्हा लिहिता येतं. एसक्यूलाइट हेच करतं. मुख्य फाइलच्या शेजारी ते आणखी एक फाइल ठेवतं. जुन्या पद्धतीत तिच्यात बदलाच्या आधीची पानं जपून ठेवलेली असतात. काम अर्धवट राहिलं तर ती परत जागेवर लावायची. २०१० मध्ये आलेल्या नव्या पद्धतीत नवे बदल आधी या शेजारच्या फाइलमध्ये जातात आणि मग सवडीने मुख्य फाइलमध्ये उतरवले जातात. या दुसऱ्या पद्धतीला 'वॉल' म्हणतात आणि उतरवून घेण्याच्या कामाला चेकपॉइंट. आजची बरीच अँड्रॉइड अ‍ॅप्स वॉल वापरतात.

म्हणजे एखाद्या क्षणी तुमचा खरा डेटा एका फाइलमध्ये नसतोच. तो खतावणी आणि कीर्द मिळून असतो.

फोनची जागा भरली तरीही असंच. नोंद होत नाही, एरर येतो, पण आधीचं शाबूत राहतं. जागा भरणं आणि डेटा खराब होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग खराब होतो कसा?

एसक्यूलाइटवाल्यांनी स्वतःच 'आमची फाइल कशी बिघडवावी' अशा मथळ्याचं एक मोठं पान लिहून ठेवलंय. प्रामाणिकपणा म्हणून मला ते फार आवडतं. त्यातली काही कारणं आपल्या रोजच्या आयुष्यातली आहेत.

एक म्हणजे नकली मेमरी कार्ड. रस्त्यावर स्वस्तात मिळणारं, वर मोठी क्षमता छापलेलं आणि आत त्याच्या काही हिश्श्याचीच चिप असलेलं. चिप भरेपर्यंत सगळं झकास चालतं. नंतर कार्ड 'लिहिलं' म्हणून सांगतं, प्रत्यक्षात जुन्यावरच लिहितं किंवा कुठेच लिहीत नाही. कीर्द कितीही नीट ठेवा, वहीचीच पानं खोटी असतील तर काय करणार?

दुसरं कारण असं की दुसराच कोणी प्रोग्रॅम त्या फाइलमध्ये लिहून जातो. याचा एक किस्सा खुद्द हिप यांच्या घरचाच आहे. फॉसिल हे त्यांनीच बनवलेलं, प्रोग्रॅमचा कोड सांभाळायचं सॉफ्टवेअर. त्याचा मुख्य साठा २०१३ मध्ये बिघडला. शोधल्यावर कळलं ते असं: प्रत्येक प्रोग्रॅमला फाइली नंबराने मिळतात आणि २ हा नंबर एरर मेसेज छापायला राखलेला असतो. कुठल्याशा चुकीने तो नंबर आधीच बंद झाला होता, म्हणून डेटाबेसची फाइल उघडल्यावर तिलाच २ नंबर मिळाला. पुढे प्रोग्रॅममध्ये एक साधी चूक झाली, त्याने नेहमीप्रमाणे २ नंबरवर एरर मेसेज छापला आणि तो मेसेज थेट डेटाबेसच्या पोटात लिहिला गेला! तेव्हापासून एसक्यूलाइट डेटाबेससाठी हे खालचे नंबर घेतच नाही.

तिसरं कारण सगळ्यात साधं आणि सगळ्यात फसवं आहे. डेटाबेस वापरात असताना त्याची फाइल नुसती कॉपी करणं.

खतावणीची झेरॉक्स काढायला दिली आहे असं समजा. झेरॉक्सवाला एकेक पान काढतोय आणि त्याच वेळी मुनीम कीर्दीतल्या नोंदी खतावणीत उतरवतोय. झेरॉक्समधली पुढची पानं जुनी येणार आणि मागची नवी. प्रत्येक पान वेगवेगळं बघितलं तर बरोबर, पण एकमेकांशी जुळत नाहीत. नव्या यादीत नाव आहे, पण त्या नावाचं पान शोधायला गेलं तर जुना पत्ता तिथे पोहोचवतच नाही. मूळ वही धडधाकट आहे, झेरॉक्स मात्र खराब.

मामाच्या अ‍ॅपचं ते 'बॅकअप घ्या' बटण नेमकं हेच करत होतं.

खराब आहे हे कळतं कसं?

सगळ्यात ढोबळ तपासणी म्हणजे फाइलची सुरुवात. एसक्यूलाइटच्या प्रत्येक फाइलचे पहिले १६ बाइट्स ठरलेले असतात, तिथे फॉरमॅटचं नाव आणि ३ हा आकडा लिहिलेला असतो. तोच गायब असेल तर 'ही फाइल डेटाबेस नाही' असा एरर येतो. कधी कधी याचा अर्थ इतकाच असतो की ती फाइल एन्क्रिप्ट केलेली आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअप फाइलचं तसंच असतं, ती उघडत नाही म्हणून खराब समजू नका.

दुसरा, जास्त कुप्रसिद्ध एरर म्हणजे 'डेटाबेस डिस्क इमेज इज मॅलफॉर्म्ड'. हा कधी येतो? एसक्यूलाइट पत्त्यांवरून चालत जातं आणि वाटेत काहीतरी अशक्य सापडतं तेव्हा. गंमत म्हणजे जोपर्यंत त्या वाटेने कोणी जात नाही, तोपर्यंत एररही येत नाही. म्हणूनच मामाला यादी नीट दिसली आणि एका नावावर बोट ठेवल्यावर अ‍ॅप कोसळलं. बिघाड आधीपासूनच होता, फक्त त्या पानावर तोवर कोणी गेलं नव्हतं.

सगळी फाइल एकदम तपासायची असेल तर 'इंटेग्रिटी चेक' नावाची आज्ञा आहे. ती प्रत्येक पान चाळते, कुठलं पान दोनदा वापरलंय, कुठल्या पानाकडे कोणीच बोट दाखवत नाही, इंडेक्समधली नोंद आणि मूळ नोंद जुळते का, हे सगळं बघते. सगळं ठीक असेल तर फक्त 'ओके' म्हणते. तिची धाकटी बहीण 'क्विक चेक' जास्त चपळ आहे, पण ती इंडेक्स आणि मूळ नोंदींचा ताळा घेत नाही.

आता एक महत्त्वाची गोष्ट, जी मलाही नोकरीत दोन वर्षं झाल्यावर कळली. ही तपासणी फक्त रचना बघते. मामाच्या फाइलमध्ये ५०० च्या जागी ५०१ झालं असतं तर इंटेग्रिटी चेकने खुशाल 'ओके' म्हटलं असतं. आकडा हा आकडाच आहे, तिला काय माहीत खरा कुठला!

ते ओळखायला चेकसम लागतो. तुमच्या आधार क्रमांकात तो आहे. १२ अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून गणित करून काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला की क्रमांक लगेच चुकीचा म्हणून ओळखता येतो. डेटाबेसच्या प्रत्येक पानावर असाच एक आकडा लिहून ठेवता येतो. मायएसक्यूएलमध्ये वापरलं जाणारं इनोडीबी हे करतं. एसक्यूलाइटच्या मुख्य फाइलमध्ये मात्र ते आपोआप होत नाही; त्यासाठी वेगळं एक्स्टेंशन लावावं लागतं, आणि ते लावलेलं अ‍ॅप मी तरी अजून पाहिलेलं नाही.

अ‍ॅप कोरं का झालं?

हा भाग मी मामाला दोनदा सांगितला, तरी त्याचा विश्वास बसत नव्हता.

अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप बनवणाऱ्याने वेगळं काही सांगितलं नसेल, तर डेटाबेस खराब आहे असं लक्षात आल्यावर काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं. ठरलेलं काय, तर ती फाइल पुसून टाकायची. हो, पुसून. मग अ‍ॅप पुढच्या वेळी उघडलं की नवी कोरी फाइल बनते आणि अ‍ॅप आनंदाने चालू लागतं.

यामागे विचार नाही असं नाही. अ‍ॅप दर वेळी उघडताच कोसळण्यापेक्षा रिकामं तरी चालावं. ज्या अ‍ॅपचा डेटा सर्व्हरवर आहे, त्याचं काहीच बिघडत नाही, ते पुन्हा सगळं उतरवून घेतं. पण ज्या अ‍ॅपचा डेटा फक्त फोनमध्ये आहे, त्याच्यासाठी हे म्हणजे दात दुखतो म्हणून जबडा काढण्यासारखं आहे. माझ्या मते असं अ‍ॅप लिहिणाऱ्याने ही नेहमीची वागणूक न बदलणं ही आळशीपणाची हद्द आहे. बदलायला फार तर वीस ओळी लागतात: फाइल पुसू नका, बाजूला ठेवा आणि माणसाला सांगा.

मामाचं नशीब असं की पुसली गेली ती अ‍ॅपच्या आतली प्रत. मेमरी कार्डवरची मूळ बॅकअप फाइल तशीच होती.

तुमच्यावर अशी वेळ आली तर

पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. खरंच सांगते. अ‍ॅप पुन्हा पुन्हा उघडून बघू नका. सेटिंगमध्ये जाऊन 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' तर अजिबात दाबू नका, त्याने डेटाबेस जातो. 'क्लिअर कॅशे' वेगळं आहे, त्याने सहसा डेटाबेसला धक्का लागत नाही. पण दोन्ही बटणं शेजारी शेजारी असतात आणि घाबरलेल्या माणसाचं बोट कुठेही पडतं. 'अनइन्स्टॉल करून परत टाक' हा मित्रांचा आवडता सल्ला इथे सगळ्यात घातक आहे.

दुसरं, नवा बॅकअप घेऊ नका. हे उलटं वाटेल. पण व्हॉट्सअ‍ॅपचं उदाहरण घ्या. गुगल खात्यावरचा त्याचा नवा बॅकअप आधीच्या बॅकअपवरच लिहिला जातो. मेसेज गायब झाल्यावर घाबरून तुम्ही 'बॅक अप' दाबलंत, तर कालचा चांगला बॅकअप जाऊन आजचा रिकामा त्याच्या जागी बसतो. त्याउलट अँड्रॉइड फोनमध्येच व्हॉट्सअ‍ॅप रोज रात्री २ वाजता एक बॅकअप करतं आणि साधारण शेवटच्या सात दिवसांचे ठेवतं. फाइल मॅनेजरमधून व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमधला 'डेटाबेसेस' हा फोल्डर शोधा, आणि दुसरं काहीही करण्याआधी तो अख्खा उचलून कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवा. तारखा फाइलींच्या नावातच असतात.

तिसरं, जी काही फाइल हाती असेल तिची आधी प्रत काढा आणि सगळे प्रयोग प्रतीवर करा. शेजारी त्याच नावाच्या पण शेवटी 'वॉल' किंवा 'जर्नल' असं शेपूट लागलेल्या फाइली दिसल्या तर त्याही सोबत घ्या. त्या छोट्या आणि फालतू दिसतात, म्हणून लोक उडवतात. तीच तुमची कीर्द आहे.

अ‍ॅपच्या आतल्या खासगी फोल्डरपर्यंत आपल्याला, फोन रूट केल्याशिवाय, पोहोचता येत नाही. त्यामुळे अ‍ॅपने बाहेर काढून दिलेली फाइल किंवा सर्व्हरवरची प्रत, एवढंच आपल्या हातात असतं. म्हणून एखादं अ‍ॅप हिशेबासाठी वापरणार असाल तर त्याचा बॅकअप घेतला यावर समाधान मानू नका. तो एकदा घरातल्या दुसऱ्या फोनवर रिस्टोअर करून, आतल्या चार-पाच नावांवर बोट ठेवून बघा. मामाने जुना फोन देण्याआधी एवढं केलं असतं तर हा लेखच झाला नसता.

मामाची फाइल

मामाने ती फाइल मला व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली. मी तिच्या तीन प्रती काढल्या, मूळ फाइल 'फक्त वाचा' करून ठेवली आणि लॅपटॉपवर एसक्यूलाइटची कमांड उघडली.

इंटेग्रिटी चेकने 'ओके'ऐवजी ओळींमागून ओळी ओकल्या. बहुतेकांचा मतलब एकच: इंडेक्समधल्या नोंदींची संख्या जुळत नाही. मला हायसं वाटलं. इंडेक्स बिघडला तर त्याचं औषध सोपं आहे, 'रीइंडेक्स'. ही आज्ञा मूळ नोंदी वाचून यादी नव्याने बनवते. इंटरनेटवर कुठेही विचारा, पहिलं उत्तर हेच मिळेल.

पहिल्या प्रतीवर रीइंडेक्स चालवलं. पुन्हा तपासणी. ओके! मामाला फोन लावायला हात पुढे केला होता. पण सवयीने मी आधी आणि नंतर एकूण उधारीच्या नोंदी मोजल्या होत्या. आधी ३४१२ होत्या. आता ३३८५.

सत्तावीस नोंदी गेल्या कुठे?

थोडा विचार केल्यावर उलगडलं. एकूण मोजणी करताना एसक्यूलाइट बहुधा मूळ नोंदी मोजत नाही, इंडेक्स मोजतं, कारण तो लहान असतो. म्हणजे ३४१२ हा आकडा यादीतला होता. यादी खरी सांगत होती: ३४१२ नोंदी आहेत. पण त्यातल्या २७ पर्यंत पोहोचायची वाट नव्हती. झेरॉक्स आठवा. पत्त्यांचं पान कॉपी झालं ते जुनं. त्यानंतर चेकपॉइंट झाला आणि शेवटच्या नोंदींसाठी उघडलेलं नवं पान फाइलमध्ये आलं. यादीचं पान कॉपी झालं तेही नवं. म्हणजे नवं पान फाइलमध्ये होतं, यादीत त्याच्यावरच्या नोंदी होत्या, पण पत्त्यांच्या पानाला त्याची खबरच नव्हती. आणि मी रीइंडेक्स करून त्या नोंदींचा एकुलता एक साक्षीदार पुसून टाकला, वर 'ओके'चा शिक्का घेतला.

प्रतीवर केलं म्हणून वाचले. मूळ फाइलवर केलं असतं तर ते अनाथ पान मोकळं समजून त्यावर दुसरंच काही लिहिलं जाऊ शकलं असतं. 'व्हॅक्यूम' नावाची आज्ञाही लोक सुचवतात. ती फाइल नव्याने घट्ट बांधते आणि अशी सुटी पानं कायमची सोडून देते.

दुसऱ्या प्रतीवर मी 'रिकव्हर' चालवलं. ही आज्ञा २०१९ मध्ये आली. तिची पद्धत वेगळी आहे. ती पत्त्यांवर विसंबत नाही, फाइलमधलं प्रत्येक पान उचलून बघते आणि नोंदी दिसतील तिथून खरवडून काढते. कोणत्या तक्त्यातल्या आहेत हे कळलं तर त्या तिथे ठेवते, नाही कळलं तर 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या वेगळ्या तक्त्यात टाकते, म्हणजे एसटी स्टँडवरच्या हरवलं-सापडलं कपाटासारखं. तिथे रकान्यांना नावं नसतात, नुसती मूल्यं एका ओळीत. एक सावधगिरी मात्र हवी: तुम्ही मुद्दाम पुसलेल्या जुन्या नोंदीही अशा खरवडण्यात वर येऊ शकतात. वसूल झालेली उधारी पुन्हा मागायला गेलात तर गिऱ्हाईक कायमचं जाईल.

त्या कपाटात बरोबर २७ ओळी होत्या. तारखा सलग, शेवटच्या दोन दिवसांतल्या. रकान्यांचा क्रम बाकीच्या नोंदींसारखाच, त्यामुळे गिऱ्हाइकाचा नंबर कुठला आणि रक्कम कुठली हे लगेच कळलं. मी त्या मूळ तक्त्यात घातल्या, मग रीइंडेक्स केलं, मग इंटेग्रिटी चेक, मग पुन्हा मोजणी. ३४१२. रात्रीचे दीड वाजले होते.

आता तुमच्यापैकी कोणी अ‍ॅप बनवायला शिकत असेल तर हे वाचाच. बॅकअप म्हणजे फाइल कॉपी नव्हे. एसक्यूलाइटमध्ये त्यासाठी बॅकअपची स्वतंत्र सोय आहे, आणि २०१९ पासून 'व्हॅक्यूम इन्टू' ही एका ओळीची आज्ञा आहे, जी चालू डेटाबेसची धड, जुळलेली प्रत दुसऱ्या फाइलमध्ये काढून देते. मामाच्या अ‍ॅपवाल्यांना मी हे सविस्तर लिहून कळवलं. 'तुमचा अभिप्राय आम्हाला महत्त्वाचा आहे' असं उत्तर आलं, आपोआप पाठवलेलं.

सत्तावीसपैकी २४ नोंदींचे नंबर गिऱ्हाइकांच्या यादीशी जुळले. तीन जुळेनात. यादी २१० नंबरला संपत होती आणि या नोंदी होत्या २११, २१२ आणि २१३ च्या नावावर. म्हणजे त्या दोन दिवसांत तीन नवी खाती उघडली होती, पण गिऱ्हाइकांच्या यादीचं पानही जुनंच कॉपी झालं होतं. या तिघांची नावं फाइलमध्ये कुठेच नव्हती, कितीही खरवडलं तरी.

सकाळी मामाला फोन केला. "दोन हजार दोनशे, बावीस तारीख, नवीन खातं," मी म्हणाले.

"पेंडीची पोती. तो नवीन गोठा टाकलाय ना नाक्यावर, त्याची," मामा लगेच म्हणाला.

"चौदाशे दहा, त्याच दिवशी."

"शाळेजवळ भाड्यानं आलेल्या बाई. पहिला महिन्याचा किराणा होता."

"आणि पंच्याण्णव रुपये, तेवीस तारीख."

बराच वेळ मामा काही बोलला नाही. मग म्हणाला, आठवून सांगतो. ते अजून आठवलेलं नाही. त्याने अ‍ॅपमध्ये 'कोणीतरी' या नावाने २१३ नंबरचं खातं उघडून ठेवलंय, आणि गल्ल्याजवळ आता एक वहीपण आहे.